बेचाळीस घरांची राखण

तांगहोल्म बेट,
रविवार, ९ एप्रिल १९६७, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं

प्रिय बोर्गहिल्ड आत्या,

आत्ताच शेवटच्या घरात सुकं शेवाळ अंथरलं, हात धुतले आणि लिहायला बसलो. समुद्रातून काढलेलं शेवाळ तीन दिवस वाऱ्यावर उलटंपालटं केलं, हातानं कुस्करलं, त्यातले शिंपले वेचून काढले. बदकांसाठी बांधलेली घरं तू चाळीस सांगितली होतीस. दगडी अठरा, फळ्यांची एकवीस, जुन्या उलट्या होडीखाली तीन, अशी ती बेचाळीस आहेत. मी दोनदा मोजली. चुकू नये म्हणून प्रत्येकाच्या तोंडाशी खडूनं आकडा लिहिला आहे.

रासमुसनं मला तीस मार्चला त्याच्या होडीनं इथे सोडलं. सामान उतरवताना म्हणाला, "बोर्गहिल्डच्या जागी तू? तुला बघून बदकं सरळ आइसलँड गाठतील."

मी विचारलं, "खरंच असं होतं का?"

तो इतका हसला की पिठाची गोणी पाण्यात पडता पडता राहिली. "एलिंग, तू असाच घाबरत राहिलास तर मला दर गुरुवारी करमणूक आहे."

दर गुरुवारी तो टपाल दक्षिणेच्या खडकावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकेल. बदकं चढायला लागली की होडी त्यापुढे आणणार नाही म्हणाला.

आत्या, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू म्हणालीस, या वसंतात बदकं घरांत आली तर पायाचं मोडलेलं हाड जुळल्यावर मी बेटावर परत जाईन. नाही आली तर बेट सोडण्याच्या सरकारी कागदावर सही करीन. हे तू माझ्यावर का टाकलंस? डबाबंद मासळीच्या कारखान्यात मला लेबलं तपासायला ठेवलं होतं, तिथूनही काढलं. मुकादम म्हणाला, तू एक डबा तीनदा बघतोस, तोवर मासे पुन्हा पोहायला लागतील.

तुझा राखाडी कोट खुंटीवर सापडला. त्याला मासळीचा, धुराचा आणि आणखी कशाचा तरी वास येतो. तो रोजच घालायचा का?

तुझा,
एलिंग

*

रुग्णालय, खोली सात,
शुक्रवार, १४ एप्रिल

प्रिय एलिंग,

पस्तीस वर्षं मी चाळीस म्हणत आले आणि तू दहा दिवसांत दोन घरं वाढवलीस! कारखान्याचं नुकसान झालं म्हणायचं.

आधी ते खडूचे आकडे पूस. बायांना वाचता येत नाही, पण घराच्या तोंडाशी काल नव्हतं ते आज दिसलं की त्या पाठ फिरवतात. (मी त्यांना बायाच म्हणते. तूही म्हण. बदकं म्हणजे ताटातली.) ठोकाठोक करू नकोस. शिट्टी वाजवू नकोस. घरापासून खडकापर्यंत एकच वाट ठेव, लांबची असली तरी. त्या रानटी जातीच्या आहेत, आपल्या कोणी लागत नाहीत. तीन-चार आठवडे भरवशानं अंडी उबवायला आपल्याकडे येतात, एवढंच. त्या बदल्यात अंगची मऊ पिसं घरट्यात सोडून जातात. साठ-बासष्ट घरट्यांची पिसं जमली की एक रजई होते.

कोट रोज घालायचा. त्या मला ओळखत नाहीत, कोटाला ओळखतात.

आणि नर आले की त्यांच्या रुबाबाला भुलू नकोस. पांढरे सदरे घालून लग्नाला आल्यासारखे येतात आणि अंडी दिसली की पसार होतात.

शेजारच्या खाटेवर पेट्रीने म्हणून एक बाई आहे. दिवसभर रेडिओ. माझ्या खिडकीतून भिंत दिसते. परिचारिकेला विचारलं, आत्ता भरती आहे की ओहोटी? ती म्हणाली, "आजी, आत्ता जेवण आहे."

बाया आल्या की लगेच कळव.

बोर्गहिल्ड

*

तांगहोल्म,
रविवार, २३ एप्रिल, दुपारी एक वाजता

प्रिय आत्या,

आकडे पुसले. ओल्या फडक्यानं, मग कोरड्या.

सोळा तारखेला दुपारी दोन वाजता खाडीत पहिली टोळी दिसली. चौसष्ट. अठरा तारखेला अकरा बाया खडकांवर चढल्या. त्यांतली एक होडीजवळच्या घरात डोकावली, शेवाळ चोचीनं ओढून पाहिलं आणि परत गेली. मी भिंतीआड होतो. श्वाससुद्धा हळू घेत होतो.

त्यानंतर त्या जरा लांब आहेत. बहुधा वाऱ्यामुळे. एकोणीस तारखेपासून वाऱ्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. सध्या बाहेरच्या खडकापलीकडे, दुर्बिणीतून दिसतात. आज एकही चढली नाही.

उशीर होत असेल. इतर काही विशेष नाही. मी बरा आहे. तू काळजी करू नकोस.

एलिंग

*

रुग्णालय,
सोमवार, १ मे

प्रिय एलिंग,

तुझ्या वाऱ्याच्या नोंदी वाचल्या. त्यांत काही नाही. तसल्या वाऱ्यात बाया माझ्या पायरीखाली येऊन बसल्या आहेत.

एकदा खडकावर चढलेल्या बाया उगाच परत फिरत नाहीत. त्यांना कळलं. कोट आहे, पण कोटात मी नाही. मला वाटत होतं त्यांना कोट पुरेल. म्हातारपणी माणूस काय काय मानून घेतं.

तुझी काही चूक नाही. तू बारकाईनं केलंस, माझ्यापेक्षा चांगलंच. पण आता तिथे बसून राहण्यात अर्थ नाही. गुरुवारी रासमुसच्या होडीनं परत ये. घरांची तोंडं दगड लावून बंद कर, म्हणजे मिंक, ते मुंगसासारखं जनावर, आत शिरणार नाही. कागदाचं मी बघते.

पेट्रीनेनं आज रेडिओ बंद ठेवला. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

बोर्गहिल्ड

*

तांगहोल्म,
गुरुवार, ४ मे, सव्वाअकरा

प्रिय आत्या,

रासमुस डब्यावर बसून पाव खातो आहे. म्हणाला, वीस मिनिटं देतो, त्यात लिही नाहीतर सामान बांध. मी घाईत लिहीत आहे, अक्षराबद्दल माफ कर.

त्या गेल्या त्या तू इथे नाहीस म्हणून नव्हे. मी कोट धुतला.

एकोणीस एप्रिल, बुधवार. आदल्या दिवशी त्या चढल्या होत्या. मला वाटलं, पाहुणे दाराशी आले आहेत आणि माझ्या अंगावर हा असा कोट. साबण लावला, दोन पाण्यांतून काढला आणि घरामागच्या दोरीवर वाळत घातला. वारा होता. आत कॉफी ठेवली. बाहेर आलो तर दोन्ही बाह्या हवेत फडफडत होत्या आणि खाडीत एकही पक्षी नव्हता. मी पळत जाऊन कोट काढला. पळायलाही नको होतं.

हे तेवीस तारखेच्या पत्रात लिहायचं होतं. तीनदा लिहिलं आणि तीनदा चुलीत घातलं. मग वाऱ्याच्या नोंदी जोडल्या. नोंदी खऱ्या आहेत.

आत्ताच रासमुसला सांगितलं. त्याच्या हातातला पाव तसाच राहिला.

"दोरीवर? एप्रिलमध्ये? अरे, आमच्या आईनं एप्रिल ते जून मला एकाच चड्डीत ठेवलं होतं!"

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

"समुद्र ओला असतो, हेही कोणी सांगितलं नसेल." मग उरलेला पाव खिशात टाकून म्हणाला, "चल, बस होडीत. झालं ते झालं."

मी बसत नाही. घरांची तोंडं बंद केलेली नाहीत. तुला ओरडायचं असेल तर पत्रातून ओरड, पण त्या तुझ्यामुळे गेल्या असं एक दिवसही मानू नकोस.

तो उठला.

एलिंग

*

रुग्णालय,
सोमवार, ८ मे

गाढवा,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की परिचारिका टाके बघायला धावली. मग रडले, पण ते पेट्रीनेला दिसलं नाही.

साबण! आणि वर दोरी! कपडे वाळत घालायचे नाहीत हे सांगायला मी विसरले, कारण ते कोणाला सांगावं लागेल असं वाटलंच नाही. आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

आता ऐक. पूर्वी एकदा बाया अशाच फिरल्या होत्या. तेव्हाही दोरीच होती. माझा नवरा आस्लाक मार्चमध्ये बुडाला. एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी मी त्याचे सगळे सदरे धुतले आणि वाळत घातले. का, ते विचारू नकोस. मला नियम माहीत होता. सात सदरे वाऱ्यानं फुगून माणसासारखे उभे राहिले आणि खाडी रिकामी झाली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, त्या वर्षी थंडी जास्त होती.

मग मी काय केलं ते सांगते. तोच कोट ओल्या, कुजक्या शेवाळाच्या ढिगात तीन दिवस पुरून ठेव. मग घाल. माझा तपकिरी रुमाल डोक्याला बांध. बायकी दिसेल म्हणशील, तर दिसू दे. तिथे तुला बघायला रासमुसशिवाय कोण आहे? उतरणीच्या सपाट दगडावर जाऊन बस. ओहोटी लागली की बसायचं, भरती पूर्ण झाली की उठायचं. दुर्बीण नाही. वही नाही. घड्याळ घरी ठेव. आणि एलिंग, मोजायचं नाही. त्यांच्याकडे बघत बसलास तर त्या येणार नाहीत. तू तिथे नुसता असायला हवास, दगडासारखा.

मी त्या वर्षी सव्वीस दिवस बसले होते.

बोर्गहिल्ड

*

तांगहोल्म,
रविवार, २१ मे

प्रिय आत्या,

वेळ लिहिलेली नाही, कारण घड्याळ कपाटात आहे.

तुझं पत्र मिळाल्यापासून रोज बसतो. कोट शेवाळातून काढला तेव्हा मला ओकारी आली, आता वास जाणवत नाही. रासमुसनं मला रुमालात पाहिलं आणि टोपी काढून म्हणाला, "नमस्कार, बोर्गहिल्डबाई. मिशी वाढली वाटतं."

पहिल्या दिवशी मी लाटा मोजल्या. मोजायच्या नाहीत हे आठवून थांबलो, तर श्वास मोजू लागलो. ते थांबवलं तर चूल विझवली की नाही हे आठवेना. दोनदा उठून घरी गेलो. विझवलेली होती. दुसऱ्या दिवशी एकदा उठलो. पाऊस पडत होता, तरी बसलो. तू म्हणालीस दगडासारखं बस, पण दगडाला मान अवघडत नाही.

एकटेपणाचंही सांगतो, कारण ते खोटं लिहून उपयोग नाही. कारखान्यात दिवसभर कोणीतरी ओरडायचं, झालं का, झालं का. इथे कोणी विचारत नाही. सुरुवातीला बरं वाटलं. मग चार-पाच दिवसांनी वाटायला लागलं की कोणीतरी विचारावं. मंगळवारी मी स्वतःच मोठ्यानं म्हणालो, झालं का? आवाज इतका घोगरा निघाला की मीच दचकलो. त्या दिवशी समुद्र अगदी सपाट होता. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तरी त्याला काही फरक पडला नसता. हे जाणवून आधी मी गुडघे जवळ ओढून बसलो. नंतर, का कोण जाणे, मी पाय पसरून बसलो.

दगडाला माझ्या डाव्या हाताशी एक भेग आहे. भरतीचं पाणी आधी तिथे येतं. आवाज न करता एक बोटभर वर चढतं, थांबतं, मागे जातं, मग दोन बोटं चढतं. भेगेतले शिंपले पाणी लागलं की बारीक कट्‌कट् करतात. तुला माहीत असेल. मी दोन भरत्या फक्त तेवढंच ऐकलं. घरी आलो, जेवलो, झोपायला गेलो आणि मग लक्षात आलं की चुलीची आज आठवणच झाली नाही.

कितव्या दिवशी ते सांगता येणार नाही, पण पाणी भेगेत अर्धं आलं होतं तेव्हा माझ्या उजव्या बुटावर काहीतरी चढलं. मी मान वळवली नाही. तपकिरी, जड, ओली बाई. बुटावर थांबली, पाणी झटकलं आणि तो ओलांडून चालू लागली, उंबरठा ओलांडतात तशी. होडीजवळच्या घरात गेली. आत शेवाळ ओढल्याचा आवाज आला. ती बाहेर आली नाही.

आत्या, मी इतका आनंदलो की कोणाला सांगावं ते कळेना. सांगायला कोणी नव्हतं, आणि सांगण्यासाठी उठताही येत नव्हतं. पाणी पूर्ण चढेपर्यंत तसाच बसलो.

आता सात बसल्या आहेत. (हे मोजलं. माफ कर.) बेचाळिसांतल्या सात, पण आल्या आहेत. तू म्हणाली होतीस, आल्या तर परत येईन. म्हणजे तू येणार. तुझी खोली मी उद्यापासून गरम करायला घेतो. हाड कितपत जुळलं ते लिही. उतरणीला मी दोर बांधीन, अर्थात त्या गेल्यावर.

एलिंग

*

रुग्णालय,
शुक्रवार, २६ मे

प्रिय एलिंग,

हे पत्र परिचारिका लिहीत आहे, माझा हात कापतो. तिचं अक्षर माझ्याहून बरं आहे, तुला आवडेल.

सात! आणि बुटावरून! आस्लाकच्या वर्षी माझ्याकडे चार आल्या होत्या.

आता माझी पाळी. खोली गरम करू नकोस. सरकारी कागदावर मी फेब्रुवारीतच सही केली आहे. तू निघण्याआधी पाच आठवडे. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की मला होडीत पाय टाकता येणार नाही आणि चुलीशी वाकताही येणार नाही. एक सप्टेंबरला घर रिकामं करून द्यायचं आहे. गावातल्या वृद्धाश्रमात मला खोली मिळते, पूर्वेकडची. तिथूनही समुद्र दिसत नाही, आणि म्हणे थंड असते.

बाया आल्या तर मी येईन, हे मी तुला खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर रिकाम्या होणाऱ्या बेटावर तू गेला असतास का? त्या तर येणारच होत्या. त्यांना कागद कोण वाचून दाखवणार? पस्तीस वर्षं दार उघडं ठेवायचं आणि एका वसंतात त्यांनी येऊन बघावं तर शेवाळ कुजलेलं, आत मिंक. मला ते सोसवेना. कोणीतरी तिथे असावं, एवढंच हवं होतं. तू मोकळा होतास, आणि तू नीट करशील हे मला ठाऊक होतं. एक मे रोजी मी तुला परत बोलावलं ते मात्र खरं होतं. त्या दिवशी माझा धीर सुटला होता.

रागावशील. रागाव. पण पिल्लं निघेपर्यंत बेट सोडू नकोस.

(आजींनी एवढंच सांगितलं आणि डोळे मिटले. पेट्रीनेबाई म्हणतात लिहा, की आजी तुमची पत्रं उशीखाली ठेवतात. — परिचारिका)

*

तांगहोल्म,
रविवार, २ जुलै १९६७

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळाल्यावर तीन गुरुवार मी रासमुसला रिकाम्या हातानं पाठवलं. चौथ्या गुरुवारी तो म्हणाला, "म्हातारी विचारते, पोरगा बुडाला का?"

"सांगा, बुडालेला नाही. रागावला आहे."

"रागावला आहे आणि इथेच आहे?"

"हो."

"बरं. तेवढंच सांगतो." आणि जाताना अर्धा केक डब्यावर ठेवून गेला. त्याच्या बायकोनं दिला होता, रुमालवाल्या बाईसाठी.

राग खरा होता. मी तुझी खोली दहा दिवस गरम केली होती. पण रोज ओहोटी लागली की दगडावर जावंच लागे. सातजणी बसलेल्या होत्या, त्यांना माझ्या रागाशी काय करायचं? तिथे बसून राग धरून ठेवायचा मी प्रयत्न केला. पाणी भेगेत येईपर्यंत टिकायचा, पुढे नाही.

चौदा जूनला होडीजवळची बाई चार पिल्लं घेऊन बाहेर आली. आपली वाट घेऊन उतरणीकडे निघाली. वर कुरव पक्षी घिरट्या घालत होते. मी काठी घेऊन चार पावलं मागे चाललो. ती थांबली की मी थांबायचो. ती मागे वळून बघतही नव्हती. शेवटच्या खडकाशी एका कुरवानं झडप घातली आणि एक पिल्लू नेलं. मी काठी फिरवली तेव्हा उशीर झाला होता. उरलेली तीन तिच्यामागे पाण्यात पडली आणि लगेच पोहू लागली, जणू चालणं हीच काहीतरी अडचण होती. सातही कुटुंबं पाण्यापर्यंत पोचवली. शेवटचं एकवीस तारखेला.

खाडी आता रिकामी आहे. मी सवयीनं अजून बसतो. कोणासाठी, ते सांगता येत नाही.

पिसं घरट्यांतून काढून वाळवली आणि तुझ्या तारांच्या चौकटीवर झटकली. शेवाळाचा सगळा चुरा खाली पडेपर्यंत नऊ दिवस गेले. एकशे अठरा ग्रॅम भरली. हातात घेतली की वजन लागत नाही, पण तळवा लगेच गरम होतो. रजई होणं शक्यच नाही. ती दोन पदरांत भरून माझ्या जुन्या सदऱ्याची एक लहान उशी शिवली आहे, हातांसाठी एका बाजूनं उघडी. थंडी वाजली की दोन्ही हात आत घालायचे. टाके बारीक आहेत, उसवणार नाहीत, मी तपासले.

घराची आवराआवर ऑगस्टमध्ये रासमुस आणि मी करू. खिडक्यांना फळ्या ठोकायच्या आहेत, आता ठोकायला हरकत नाही. बदकघरांची तोंडं मात्र उघडीच ठेवणार आहे. कोट परत पाठवत नाही. तो धुतलेलाही नाही.

तू परिचारिकेला भरती-ओहोटीचं विचारलं होतंस, ते दर पत्रात सांगायचं राहून जातं. आत्ता हे लिहिताना ओहोटी आहे. तुला हे पत्र गुरुवारी दुपारी वाचून दाखवतील, तेव्हा भरती असेल.

तुझा,
एलिंग

हिशेब. तू दिलेले: ८० क्रोनर.
कॉफी १६.००. पीठ, साखर, मार्गरीन २१.४०. रॉकेल ९.६०. टपाल, पाच पत्रं ३.००. उशीचं पार्सल २.५०. एकूण ५२.५०. उरलेले २७.५० पाकिटात आहेत.
साबण, एक वडी, ०.९०: माझ्या खिशातून.
रासमुसला पुढच्या एप्रिलच्या फेरीचे आगाऊ २५.००: हेही माझ्या खिशातून.
तुझ्या रजईला घरटी लागतात बासष्ट. या वर्षी जमली सात. देणं राहिलं: पंचावन्न.